मासे मेले तेव्हा कळलं

एप्रिल 2016. व्हिएतनामच्या हा तिन्ह प्रांताच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला. पाहता पाहता तो चार प्रांतांत, दोनशे किलोमीटर पसरला. कारण निघालं फॉर्मोसा या तैवानी समूहाचा नवा पोलाद कारखाना. दगडी कोळशाचा कोक करताना निघणारा वायू पाण्याने धुतला की त्या पाण्यात फिनॉल, सायनाइड उतरतं. ते आवरायचं तंत्र जुनंच आहे: जिवाणूंकडून प्रक्रिया, आणि तापलेला कोक पाण्याऐवजी वायूने थंड करणं. मंजुरी या कोरड्या पद्धतीलाच होती. कंपनीने परस्पर पाण्याची पद्धत वापरली, हे सरकारनेच सांगितलं. म्हणजे तंत्र होतं, आत जाऊन पाहणारं कुणी नव्हतं.

जूनअखेर कंपनीने 50 कोटी डॉलर भरपाई कबूल केली. पैसे सरकारकडे गेले. वाटपावरून मच्छीमार रस्त्यावर आले आणि त्यांच्या बाजूने लिहिणारे काही जण तुरुंगात गेले. 2019 मध्ये हजारो पीडितांनी थेट तैवानच्या न्यायालयात दावा लावला.

मित्रांनो, आपल्याकडे पोलाद प्रकल्पाच्या जनसुनावणीला जाल तेव्हा नोकऱ्यांच्या आकड्यावर थांबू नका. सांडपाण्याचा पाइप कुठे उघडतो, तपासणी कोण करणार, अहवाल गावाला मिळणार का, हे लेखी मागा.