डी. एन. रोडच्या कमानी

व्हीटीला उतरून फ्लोरा फाउंटनकडे निघालेला नोकरदार सहसा मान वर करत नाही. ऑफिस गाठायचं असतं, गर्दीतून वाट काढायची असते. पण त्याच्या दोन्ही बाजूंना जे उभं आहे, ते मुंबईने दीडशे वर्षांत कमावलेलं धन आहे.

दादाभाई नौरोजी रोड म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या, आणि पश्चिमेच्या तटबंदीलगतचा हा रस्ता ऐसपैस झाला. उत्तरेच्या टोकाला फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या दोन वास्तू समोरासमोर आहेत : 1878 मध्ये बांधायला घेतलेलं आणि दहा वर्षांनी पुरं झालेलं व्हीटीचं रेल्वे स्थानक, आणि 1893 चं महापालिकेचं मुख्यालय. फोटो काढले जातात ते या दोघांचे. त्यात वावगं काही नाही, पण माझ्या मते या रस्त्याचं खरं मोठेपण त्यांच्या पुढे सुरू होतं.

1896 मध्ये इथे एक नियम झाला. रस्त्याकडेच्या इमारतींनी तळमजल्यावर पायी जाणाऱ्यांसाठी सलग कमानींची वाट सोडायची. वरचे मजले ज्याला जसे हवे तसे. कुणी गॉथिक बांधलं, कुणी घुमट चढवले, कुणी ग्रीक थाटाचे खांब उभारले. खालच्या कमानी मात्र एकमेकींचा हात धरून चालत राहिल्या. म्हणून भर जुलैतही इथे बराच पल्ला अंग न भिजता काढता येतो. खासगी मालकाच्या इमारतीखालून चालण्याचा हक्क कुणाही वाटसरूला मिळाला. नगररचनेचा याहून उदार विचार मला या शहरात दुसरा दिसत नाही.

याच ओळीत 1881 ची वाच्छा अग्यारी आहे. दाराशी माणसाच्या चेहऱ्याचे, पंखांचे भव्य बैल. आत जाण्याची मुभा फक्त पारशांना, पण बाहेरून डोळे भरून बघायला कुणाची आडकाठी नाही. पुढे 1898 ची जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट, रंगीत काचांच्या उजेडात वाचत बसण्याची जागा. आणि आनंद भवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय या इमारतीत आहे. इंग्रज साहेबांनी आखलेल्या रस्त्यावर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलं त्यांची मुलं पदवीधर झाली, हे या रस्त्याच्या इतिहासातलं मला सर्वांत प्रिय पान.

दक्षिणेला 1864 चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी हुतात्मा स्मारक. संयुक्त महाराष्ट्रासाठी 106 जणांनी प्राण दिले. तिथे पाय आपोआप मंदावतात.

मधल्या काळात दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी कमानी पार झाकून टाकल्या होत्या. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी दुकानदारांना बरोबर घेऊन त्या पाट्या कमानींच्या मापात बसवल्या. बळजबरीपेक्षा समजावणीने हे घडलं, म्हणून मला त्याचं मोल अधिक वाटतं. 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

आता काळजी वेगळी आहे. जुनी भाडी गोठलेली, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू ती आपली जबाबदारी मानत नाही. वारसा जतनाचा नियम 1995 पासून आहे. तो पाडकाम रोखतो. गळकं छप्पर त्याने थांबत नाही. महापालिकेचं मुख्यालय याच रस्त्यावर आहे. तिने मालक आणि भाडेकरूंना एकत्र बसवावं, दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलावा, कमानींखाली बसणाऱ्या फेरीवाल्यांना रीतसर जागा नेमून द्यावी आणि कमानींखालची वाट चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी.