गाडी खासगी, जोखीम सार्वजनिक

नवी दिल्ली स्थानकातून विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रो मार्गिकेवरून रोज हजारो प्रवासी ये-जा करतात. ही मार्गिका एके काळी खासगी कंपनी चालवीत होती, हे त्यांतील अनेकांच्या आता स्मरणातही नसेल. तथापि रेल्वे वा मेट्रो खासगी हाती द्यावी काय, हा प्रश्न जेव्हा जेव्हा उपस्थित होतो, तेव्हा धोरणकर्त्यांनी राजधानीतीलच या २२.७ किलोमीटरच्या मार्गाचा इतिहास आधी तपासून पाहावा.

ऑगस्ट २००८ मध्ये दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या नेतृत्वाखालील कंपनीशी ३० वर्षांचा करार केला. बोगदे, पूल आणि स्थापत्यकाम महामंडळाचे; गाड्या, सिग्नल यंत्रणा आणि संचालन कंपनीचे, अशी ही विभागणी होती. ऑक्टोबर २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचा मुहूर्त हुकला आणि गाडी धावली ती फेब्रुवारी २०११ मध्ये. जुलै २०१२ मध्ये पुलांच्या बांधकामातील दोषांमुळे सेवा बंद झाली. जानेवारी २०१३ मध्ये ती ताशी ५० किलोमीटरच्या वेगमर्यादेसह पुन्हा सुरू झाली खरी. परंतु कंपनीने त्यापूर्वीच करार संपविण्याची नोटीस दिली होती. ३० जून २०१३ रोजी कंपनी बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवसापासून महामंडळाने संचालन हाती घेतले.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. २०१७ मध्ये लवादाने कंपनीला सुमारे २,८०० कोटी रुपये व त्यावरील व्याज देण्याचा निवाडा दिला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो २०१९ मध्ये रद्द केला, तर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा कायम केला. व्याजासह ही रक्कम ८ हजार कोटींच्या घरात गेली. अखेर १० एप्रिल २०२४ रोजी क्युरेटिव्ह याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने, आपल्याच आधीच्या निकालाने सार्वजनिक संस्थेवर गंभीर अन्याय झाल्याचे मान्य केले. सुरक्षा आयुक्तांनी दिलेल्या प्रमाणपत्राकडे लवादाने दुर्लक्ष केले, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. क्युरेटिव्ह याचिका क्वचितच मान्य होते. ती फेटाळली गेली असती, तर केंद्र आणि दिल्ली सरकार यांच्या समान मालकीच्या या महामंडळावर, म्हणजेच पर्यायाने करदात्यांवर, हा बोजा पडला असता.

दरम्यान महामंडळाने २०१४ व २०१५ मध्ये या मार्गाचे भाडे घटविले, प्रवासी वाढले आणि सप्टेंबर २०२३ पासून गाडी ताशी १२० किलोमीटर वेगाने धावू लागली. अर्थात, मूळ बांधकामातील दोष सरकारी यंत्रणेच्या वाट्याच्या कामात होते, हेही विसरता येत नाही.

हा अनुभव एकाकी नाही. गुडगावची रॅपिड मेट्रो ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्ली मेट्रोकडे आली. हैदराबाद मेट्रोचा पहिला टप्पा लार्सन अँड टुब्रोकडून घेण्यास तेलंगण सरकारने २०२५ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. मुंबईत वर्सोवा-घाटकोपर मार्गासाठी करारात ९ ते १३ रुपये भाडे असताना प्रत्यक्षात १० ते ४० रुपयांची आकारणी झाली आणि राज्य सरकारला न्यायालयात जावे लागले.

रेल्वे मंत्रालयानेही २०२० मध्ये १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांची योजना मांडली. ३० हजार कोटींची गुंतवणूक अपेक्षित होती. जुलै २०२१ मध्ये निविदा उघडल्या, तेव्हा १२ पैकी अवघ्या तीन गटांना प्रतिसाद होता आणि दोन निविदाकारांपैकी एक रेल्वेचीच आयआरसीटीसी होती. कारण उघड आहे. रूळ, सिग्नल आणि वेळापत्रक रेल्वेच्या हाती. स्पर्धकही रेल्वेच आणि पंचही तीच. स्वतंत्र नियामकाची शिफारस देबरॉय समितीने २०१५ मध्येच केली होती. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली. पण त्याला वैधानिक अधिकार मिळालेच नाहीत.

ज्या ब्रिटनने १९९३ च्या कायद्याने रेल्वेची मक्तेदारी मोडली, तेथे ईस्ट कोस्ट मार्गावर २००७ ते २०१८ या काळात तीन खासगी कंपन्या मुदतीपूर्वीच बाहेर पडल्या. २०२४ च्या कायद्यानुसार तेथील प्रवासी सेवा आता टप्प्याटप्प्याने सरकारकडे परतत आहेत.

याचा अर्थ सरकारी संचालन निर्दोष असते, असा नव्हे. गाडीला एक तास उशीर झाल्यास १०० आणि दोन तास झाल्यास २५० रुपये भरपाई तेजस एक्स्प्रेसने दिली; सामान्य गाडीच्या प्रवाशाला तो हक्क नाही. पण प्रवासी घटताच तीच तेजस नोव्हेंबर २०२० मध्ये थांबविली गेली, हेही लक्षात ठेवावे लागते.

प्रश्न मालकीचा कमी आणि जोखमीचा अधिक आहे. कंपनीला करार सोडून बाहेर पडता येते. सरकारला गाडी बंद ठेवता येत नाही. हा असमतोल प्रत्येक कराराच्या मुळाशी असतो आणि कंपनी त्याची किंमत वसूल करते. म्हणून पुढील करारांपूर्वी तीन गोष्टी अपरिहार्य ठरतात: वैधानिक नियामक, मध्येच करार सोडणाऱ्यावर जरब बसेल अशी अनामत आणि करार व हिशेब संसदेपुढे ठेवण्याचे बंधन. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्र्याला जाब विचारता येतो; गोपनीय करारामागे दडलेल्या कंपनीला नाही. नफ्याचा वाटा ठरविताना तोट्याचा धनी कोण, हे आधी लिहून घेतले नाही, तर तो धनी अखेर तिकीट काढणारा आणि कर भरणारा सामान्य नागरिकच असतो.