भोपळ्याचा पहिला वेल

साताऱ्यास आमच्या परसांत गेल्या पावसाळ्यांत तांबड्या भोपळ्याचा वेल प्रथमच लावला. वेल लावणें सोपें. तो राखणें व फळ योग्य वेळीं उतरविणें कठीण. विद्यार्थ्यांस जन्मभर ‘धीर धरा’ म्हणून सांगणाऱ्या आम्हांस हा धडा साठीनंतर मिळाला!

रोपांस दोन पानें फुटतांच तांबडे भुंगेरे आले व त्यांनीं पानांची चाळण केली. पहांटेच्या गारव्यांत हे किडे सुस्त असतात. तेव्हांच ते वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावे व पानांवर चाळलेली राख भुरभुरावी. त्यांच्या अळ्या मातींत राहून मुळें खातात, म्हणून आळें खुरपीत असावें.

पुढें फुलें आलीं. किडीच्या धास्तीनें आम्हीं सकाळींच कीटकनाशक फवारलें, आणि एकही फळ धरेना! भोपळ्याचीं नर व मादी फुलें निराळीं. तीं पहांटे उमलून दुपारच्या आंत मिटतात, आणि त्यांचें लग्न मधमाश्या लावतात. ते वऱ्हाडी आम्हींच हांकलले होते. मग बुडाशीं चिमुकलें फळ असलेल्या मादी फुलास नर फुलाचा पराग लावण्याचें पौरोहित्य रोज सकाळीं आम्हींच पत्करलें.

फळमाशीनें डंखलेलीं फळें गळालीं, तीं उकिरड्यावर टाकलीं; तेंही चुकलें. आंतील अळ्या मातींत कोश करून पुन्हां माश्या होतात. अशीं फळें हातभर खोल पुरावीं व कोंवळ्या फळांस कागद गुंडाळावा.

अखेर चार भोपळे उरले. नातवंडांच्या आग्रहानें एक दसऱ्यास तोडला. नख सहज रुतलें, घारगे पाणचट झाले. दुसरा देंठ पिरगळून काढला, तो माळ्यावर दिवाळीपूर्वींच सडला. उरलेल्या दोहोंचा देंठ बुचासारखा वाळेपर्यंत व सालींत नख रुतेनासें होईपर्यंत वाट पाहिली; मग चार बोटें देंठ राखून ते कापले व हवेशीर जागीं ठेविले. ते संक्रांतीपर्यंत टिकले.

शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, मिरजेस, तंबोऱ्यांचे कारागीरही हीच वाट पाहतात. त्यांचा भोपळा निराळा, कडू जातीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडील. पण तोही पुरा पिकून वाळल्यावांचून कामास येत नाहीं. तेव्हां ज्यांचे वेल आज मांडवावर आहेत, त्यांनीं कोयती हातीं घेण्यापूर्वीं नख लावून पाहावें.