अंगठा, सही आणि मेंदू

दानाची महती आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. अन्नदान आपल्या घरोघरी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण श्रमदान करतो, महाविद्यालयात रक्तदान शिबिर भरले की रांगेत उभे राहतो. नेत्रदानाचा फॉर्म भरणारेही आता खेड्यात सापडू लागले आहेत. पण एखाद्या रोगाचा वा दुखापतीचा अभ्यास व्हावा म्हणून आपण होऊन त्या अभ्यासात सामील होणे, हे आपल्या दानांच्या यादीत अद्याप आलेले नाही. त्यातून तो अभ्यास मेंदूचा असेल तर विचारूच नका! "डोक्याचं काहीतरी तपासणार आहेत" एवढे ऐकले की माणसे चार पावले मागे सरतात. आमच्या गावात मेंदूचा दवाखाना म्हणजे वेड्यांचा दवाखाना, असाच समज आहे. मला या लेखात एवढेच सांगावयाचे आहे की आपण असे मागे सरता कामा नये. परंतु डोळे झाकून पुढेही जाता कामा नये. आणि या दोन्ही गोष्टी सांभाळण्याची जबाबदारी, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या आपल्यासारख्या मुलामुलींवर येऊन पडली आहे.

मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाची माहिती मिळाली. त्यांना फेफऱ्याचे तीव्र झटके येत. ते थांबावेत म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूचा काही भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले. पण नवीन काही लक्षात ठेवण्याची शक्तीच गेली. सकाळी भेटलेला माणूस दुपारी त्यांना परका वाटे. या गृहस्थांनी पुढे पन्नासहून अधिक वर्षे संशोधकांना आपल्यावर चाचण्या करू दिल्या. स्मरणशक्ती एकच नसून तिचे निरनिराळे प्रकार आहेत, हे आज आपण पाठ्यपुस्तकात वाचतो ते मुख्यतः त्यांच्यामुळे. २००८ साली ते वारले, तेव्हा त्यांचा मेंदूही अभ्यासासाठी जतन करण्यात आला. परीक्षेत आपण संशोधकांची नावे लिहितो आणि गुण मिळवतो. पण ज्याच्या डोक्यावर तो सारा अभ्यास झाला, त्याचे ऋण कोणी मानायचे?

अशा अभ्यासांचा सामान्य माणसाला काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याला एक उदाहरण पुरेसे आहे. डोक्याला जबर मार लागला की मेंदूला सूज येते. कवटी हाडाची, आत सूज आली तर तिला पसरायला जागा नसते. तेव्हा सूज उतरविणारे स्टिरॉइड द्यावे, हा विचार कोणालाही पटण्यासारखा होता. तीस वर्षांहून अधिक काळ जगातील कितीतरी डॉक्टर ते चांगल्या हेतूने देत होते. अखेरीस 'क्रॅश' या नावाची मोठी चाचणी घेण्यात आली. ४९ देशांतील १०,००८ जखमी माणसे तीत सामील झाली. कोणाला खरे औषध द्यायचे आणि कोणाला औषध नसलेले, दिसायला मात्र तसेच द्रावण द्यायचे, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरविले गेले. २००४ साली निकाल आला. औषध न मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत १७.९ टक्के माणसे दगावली होती, तर औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के. म्हणजे ज्याला उपचार समजत होते तोच दर शंभरांमागे आणखी सुमारे तीन माणसे नेत होता! ही चूक एका डॉक्टरला एका दवाखान्यात कधीच दिसली नसती. ती दिसायला दहा हजार माणसे लागली. त्यांतील पुष्कळशी शुद्धीवरसुद्धा नव्हती.

त्याच मालिकेतील पुढील एका चाचणीत १२,७३७ जखमी सामील झाले. तिचा निकाल २०१९ साली लागला. ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव थांबविणारे जुने आणि स्वस्त औषध डोक्याला मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिले, तर सौम्य व मध्यम दुखापतीच्या रुग्णांतील मृत्यू कमी होतात, आणि जितके लवकर द्यावे तितके बरे, असे त्यातून दिसून आले. अतिगंभीर दुखापतीत मात्र तसा स्पष्ट फायदा दिसला नाही.

आता हे 'तीन तास' आपल्या जालना जिल्ह्यात आणून पाहा. मंठा किंवा परतूर तालुक्यातील एखाद्या वाडीवर रात्री मोटारसायकल घसरली. डोक्यावर हेल्मेट नाही. आधी गाडी शोधायची, मग तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे, तेथून जालना, आणि जालन्याहून पुढे छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटर. त्या तीन तासांतले आपल्या हाती किती उरतात? ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवरून पडलेल्या बाईचे तास कोठे जातात? मोठ्या शहरातील रुग्णांवरून ही उत्तरे मिळणार नाहीत. आपली माणसे अभ्यासात नसतील तर आपले रस्ते, आपली अंतरे आणि आपली गरिबीही त्या अभ्यासात नसेल. मग निघालेला निष्कर्ष खरा असूनही आपल्या कामाचा असेलच, असे नाही.

खेड्यातील माणसांनी असे काही केलेच नाही, असे मात्र नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायका काय खातात, किती कष्ट करतात, त्यांच्या रक्तात काय कमी आहे, हे सारे नोंदले गेले. पुढे त्यांची मुले वाढली, तसतशी तीही तपासली गेली. मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांपैकी काहींच्या स्मरणाच्या व अवधानाच्या चाचण्या घेण्यात आल्या. गरोदरपणी ज्या आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, तिचे मूल अशा काही चाचण्यांत मागे पडलेले आढळले. २००८ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. आपल्या आया-मावश्यांसारख्याच शेतात राबणाऱ्या त्या बायका. वर्षानुवर्षे त्या तपासणीला येत राहिल्या, म्हणून मुलाच्या बुद्धीचा आणि आईच्या ताटाचा संबंध समजू लागला. याला मी विद्यादानच म्हणेन, मग त्या बायकांची शाळा कितवीपर्यंत झालेली असो.

येथे माझ्या आजीची गोष्ट सांगावीशी वाटते. म्हातारपणी होणाऱ्या विसरभोळेपणाच्या आजारासाठी जी प्रश्नावली परदेशात तयार झाली, तीत वाचायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात, तारीख विचारतात. माझ्या आजीला अक्षर ओळखीचे नाही. तारीख विचारली तर ती माझ्या तोंडाकडे पाहील. पण अमावास्या किती दिवसांवर आली, कोणत्या नक्षत्रात पेरणी झाली, आणि कोणाकडून किती पायली ज्वारी यायची आहे, हे तिला विचारून पाहा! त्या परदेशी प्रश्नावलीने आजीचा मेंदू बिघडला असेच ठरविले असते. ही अडचण ओळखून १९९० नंतरच्या काळात हरियाणातील बल्लभगड येथे खेड्यातील निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी प्रश्नावली बसविण्यात आली. तीत 'हे वाचा आणि तसे करा' याऐवजी 'माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे सांगितले जाते. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायला लावतात. हा बदल खोलीत बसून सुचला तरी तो बरोबर आहे की नाही, हे तेथील म्हाताऱ्या माणसांनी उत्तरे दिल्यावरच कळले. निरक्षर माणूस अभ्यासाला निरुपयोगी तर नाहीच. उलट त्याच्यावाचून अभ्यास अपुरा आहे.

इतके वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे गरिबांनी प्रयोगाचे उंदीर व्हायचे का?" हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण तो खोटा नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस एका अभ्यासात देण्यात आली. त्यांतील पुष्कळ मुली आदिवासी, आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहणाऱ्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली तो अभ्यास थांबला. ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असे चौकशीत म्हटले गेले. परंतु अनेक मुलींच्या संमतिपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनीच सह्या केल्या होत्या, हे उघड झाले, आणि २०१३ साली संसदेच्या समितीने या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. मी स्वतः वसतिगृहात राहते. माझ्या शरीराविषयीच्या कागदावर आमच्या अधीक्षिकेने परस्पर सही केली तर? त्या चांगल्या आहेत, पण तो त्यांचा अधिकार नव्हे. तेव्हा भीती आहे ती विज्ञानाची नसून, आपल्याला न विचारता आपल्या वतीने होणाऱ्या सहीची आहे.

सुदैवाने नियम आता पुष्कळ कडक झाले आहेत. भारतातील चाचण्यांची नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तीत करणे सक्तीचे झाले. ती आपल्याला मोबाइलवर फुकट पाहता येते. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे प्रत्येक चाचणीला नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. आणि सामील झालेला माणूस केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकतो. तसे केले म्हणून त्याचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या वतीने कायद्याने मान्य असा नातेवाईक संमती देतो. हे सारे कागदावर उत्तम आहे. पण कागद कोण वाचणार?

गेल्या वर्षी माझ्या चुलत्यांना अपघात झाला. एका दवाखान्यात रात्री अकरा वाजता आमच्यापुढे पाच-सहा कागद आले. ते संशोधनाचे नव्हते, साध्या उपचाराचे होते. पण सगळे इंग्रजीत होते. घरची चार कर्ती माणसे उभी होती. दोघांनी सह्या केल्या, आजोबांचा साक्षीदार म्हणून अंगठा घेतला. कशावर, हे कोणी सांगितले नाही. मी एक कागद वाचायला घेतला, तेव्हा कर्मचारी म्हणाला, "ताई, नेहमीचंच आहे, वेळ घालवू नका." चुलते बरे झाले, देवाची कृपा. पण तोच कागद एखाद्या चाचणीचा असता तरी आमच्या माणसांनी तसाच अंगठा उठवला असता. किंवा कोणी "प्रयोग" हा शब्द उच्चारला असता तर तसेच घाबरून रुग्णाला उचलून नेले असते. या दोन्ही वागण्यांत विचार कोठेच नाही.

म्हणून माझ्या भावाबहिणींना माझे सांगणे आहे. आपल्या घरातला पहिला वाचणारा माणूस आपण आहोत. असा कागद पुढे आला तर तो आपण वाचावा, आणि घरच्यांना आपल्या बोलीत सांगावा. हा अभ्यास कशासाठी आहे, माझ्या माणसाला नेमके काय करणार, त्रास काय होऊ शकतो, इजा झाल्यास खर्च कोणाचा, मध्येच सोडता येईल का, आणि शेवटी काय निघाले ते आम्हाला कळवाल का, एवढे प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारावेत. पैशांचे मोठे आमिष दाखवीत असतील तर तेथेच सावध व्हावे. उत्तरे नीट मिळाली आणि माणसाचे मन तयार असले, तर मग मागे हटू नये.

मराठी विषयाच्या विद्यार्थ्यांनाही येथे काम आहे. संमतिपत्राचे मराठी भाषांतर कित्येकदा इंग्रजीहून अवघड असते. 'यादृच्छिक वाटप' म्हटले तर माझ्या वडिलांना काय कळणार? 'चिठ्ठी टाकून ठरवणार' म्हटले की लगेच कळते. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उद्या तेथेही संशोधन होईल. तेव्हा अशा कागदांचे मराठी आधी आम्हा कला शाखेच्या मुलांकडून वाचून घ्यावे, ही सूचना मी आपल्या महाविद्यालयापुढे ठेवते. आमच्या घरच्यांना जे समजणार नाही, ते आम्ही लगेच दाखवून देऊ.

आणि केवळ आजारी माणसेच या कामाला लागतात असे नाही. निरोगी मेंदू कसा चालतो हे माहीत असल्याशिवाय बिघडलेला कसा ओळखणार? तुलनेसाठी धडधाकट माणसेही लागतात. अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी स्वतःची संमती स्वतः देऊ शकतो. उद्या एखादा प्रामाणिक अभ्यास आपल्या जिल्ह्यात आला, तर त्याचा कागद मी आधी सबंध वाचीन, माझ्या शंका विचारीन, आणि समाधान झाले तर पहिली सही माझी असेल. आजीला सामील व्हावयाचे असेल तर तिलाही मी तो कागद वाचून दाखवीन. अंगठा द्यायचा की नाही, हे मात्र तिचे तीच ठरवील.