डांबराखाली झाकलेला गंज

झिजलेल्या पुलावर डांबराचा नवा थर चढविला की पूल दुरुस्त झाला, असे मानण्याची सवय शासकीय कारभाराला जडली आहे. काँक्रीटची झीज केवळ वरवरची नसते. भेगांतून पाणी झिरपते, सळया गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. अशा स्लॅबवर दोन इंच डांबर पडले म्हणजे चौरस मीटरमागे शंभर किलोंहून अधिक भार वाढला. शिवाय सांधे बुजतात, पाणी वाहून जाण्याच्या वाटा बंद होतात आणि रोग नजरेआड होतो.

खरी दुरुस्ती कष्टाची आहे. जुने थर उकरायचे, हातोड्याने ठोकून पोकळ भाग शोधायचा, तो छिन्नीने काढायचा, सळया घासायच्या, नवे काँक्रीट भरून ओल्या पोत्यांखाली पुरेसे दिवस ठेवायचे. त्याला वेळ लागतो, वाहतूक अडवावी लागते. उद्घाटन मात्र करता येत नाही! आणि ती धूळ ज्याच्या फुफ्फुसांत जाते, त्या कंत्राटी मजुराच्या तोंडावर बहुधा रुमालाखेरीज काही नसते. रस्त्याची निगा राखणारा कायम नोकरीतला मैलकुली आता दुर्मिळ झाला.

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा, भोगावतीकाठचे सखल पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या पेलतात. महाडचा सावित्रीवरील दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला, तेव्हा कारण महापुराचे सांगितले गेले. ते खरेही असेल. पण नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. पैसा, अभियंते, यंत्रे सारे काही होते, मग ते माणसे वाहून गेल्यावरच का सापडावे?

एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापूरची जनता टोलविरोधात लढली आणि २०१५ अखेर शासनाला टोल रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. टोल नको याचा अर्थ देखभाल नको असा नव्हता. ती करांच्या पैशातून, शासनानेच करावी, असा होता. त्या लढ्याचा हा उत्तरार्ध शिल्लक आहे. गळीत हंगामापूर्वी तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराखाली प्रत्येक पुलाचा शेवटचा तपासणी अहवाल मागवावा, डांबराचे थर किती चढले ते विचारावे आणि उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे.