कर्नलच्या नावात खरा आकडा हवा

९ डिसेंबर २०२३ रोजी डेबियन लिनक्सची १२.३ आवृत्ती यायची होती. त्याऐवजी आला इशारा: थांबा, अपडेट करू नका. कर्नल ६.१.६४मध्ये दोष होता. नव्या कर्नलमधली एक दुरुस्ती जुन्यात आणताना तिला लागणारी दुसरी दुरुस्ती मागेच राहिली, त्यामुळे एक्स्ट४ फाइलसिस्टिमवर काही ठरावीक पद्धतीने लिहिलेला डेटा खराब होऊ शकत होता.

आमच्या कॉलेजच्या लॅबमधली मशिनं मी सांभाळतो. इशारा वाचल्यावर हाताखालच्या मुलाला म्हटलं, ‘यूनेम -आर’ मारून बघ. पडद्यावर उमटलं ६.१.०-१४-एएमडी६४. तो खूश! “सर, आपलं तर ६.१.० आहे. दोष चौसष्टमध्ये आहे. आपण वाचलो.”

वाचलो कुठले! त्या ‘-१४’च्या आत ६.१.६४च बसलं होतं. ‘यूनेम -व्ही’ मारल्यावर खरं काय ते दिसतं, पण घाबरलेला माणूस ‘-आर’च मारतो. मुलाची चूक मी मानत नाही. वाड्याच्या पाटीवर पणजोबांचं नाव आणि आत राहतो पणतू, असा हा कारभार. दुसऱ्याच दिवशी डेबियनने ६.१.६६ घालून थेट १२.४ काढली. पॅकेजचं नाव झालं ६.१.०-१५. पाटीवरचे पणजोबा जागचे हलले नाहीत.

यामागे कारण होतं, आणि ते फालतू नव्हतं. ग्राफिक्स कार्डाचे किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे बाहेरून बांधलेले मॉड्यूल कर्नलच्या अंतर्गत जुळणीवर अवलंबून असतात. ‘-१४’ हा त्या जुळणीचा क्रमांक. तो तोच राहिला तर जुने मॉड्यूल चालतात. तो बदलला की नवं कर्नल जुन्याशेजारी बसतं, आणि नवं बिघडलं तर जुन्यातून मशिन चालू करता येतं. पण प्रत्यक्षात हा क्रमांक जवळजवळ प्रत्येक अपडेटला बदलतच होता. मग मधलं ते ‘.०’ कोणासाठी जपायचं?

ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने ही सवय मोडली. आता नाव दिसतं ६.१२.४१+डेब१३-एएमडी६४. मूळ कर्नलची आवृत्ती जशी आहे तशी, पुढे डेबियनचा शिक्का. मला हा बदल मनापासून पटला. याची किंमत आहे: दर अपडेटला नवं पॅकेज, मॉड्यूलांची पुन्हा बांधणी, आणि ज्यांनी बूटचं पार्टिशन चिंचोळं ठेवलंय त्यांची पंचाईत. ‘ऑटोरिमूव्ह’ वेळच्या वेळी चालवा, जागा होते. नाहीतरी क्रमांक बदलत होताच, त्यामुळे हा त्रास फारसा नवा नाही.

रेड हॅटला मी यातून थोडी सूट देईन. त्यांच्या आठव्या आवृत्तीचं कर्नल अजून ४.१८.० म्हणवतं, पण त्यात नंतरच्या कितीतरी आवृत्त्यांमधल्या दुरुस्त्या निवडून आणलेल्या आहेत. मूळचा कुठलाच एक आकडा त्याला लागू पडत नाही. त्रास होतो तो फक्त आकडा बघून “हे २०१८चं आहे, असुरक्षित आहे” असा शेरा मारणाऱ्या ऑडिटरांचा. असे शेरे मी झेललेत. प्रत्येक वेळी पॅकेजचा चेंजलॉग छापून पुढे ठेवावा लागतो.

उबंटूला मात्र ही सबब नाही. २२.०४ वापरणाऱ्याला ५.१५.० आणि पुढे एक क्रमांक दिसतो. खरी मूळ आवृत्ती ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘व्हर्जन_सिग्नेचर’ नावाच्या फाइलीत असते, आणि ती उघडून बघणारा माणूस मला क्वचितच भेटतो. आकडा त्यांच्याकडे तयार आहे, प्रत्येक मशिनवर लिहिलेलाही आहे. तो उचलून पॅकेजच्या नावात ठेवायला उबंटूला काय अडचण आहे, ते त्यांनी एकदा सांगावं.