चार कोअरचा संगणक, पण काम करतो एकच!



आजचा विषय थोडा तांत्रिक वाटेल, पण तो आपल्या मुलांच्या शिक्षणाशी थेट जोडलेला आहे.

आधी साधं उदाहरण घेऊ. चाचणीचे 400 पेपर तपासायचे आहेत. एकाच शिक्षकाला बरेच दिवस लागतील. चौघांनी शंभर-शंभर वाटून घेतले, तर काम जवळपास चौपट लवकर होईल. यालाच समांतर काम म्हणतात. आजच्या साध्या संगणकातही बहुधा चार किंवा जास्त कोअर असतात. म्हणजे चार शिक्षक तयारच बसलेले! पण मुलाने साधा सी प्रोग्राम लिहिला की तो एकाच कोअरवर चालतो. बाकीचे तिघे रिकामे.

हे तंत्र महाराष्ट्राला नवं नाही. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार झाला. अनेक प्रोसेसर एकत्र कामाला लावणं, हीच त्याची ताकद. भटकर सर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, हेही मुलांना जरूर सांगा.

आज असं काम शिकायला महासंगणक लागत नाही. 'ओपनएमपी' नावाची पद्धत आहे. प्रोग्राममध्ये लूपच्या वर एक सूचना लिहायची, कंपायलर काम वाटून देतो. कंपायलर म्हणजे आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषा. जीसीसी या मोफत, मुक्त कंपायलरमध्ये ही सोय 2007 पासून आहे. क्लँग या दुसऱ्या मुक्त कंपायलरमध्ये ती 2015 च्या सुमारास नीट आली.

मग अडचण कुठे आहे? उबुंटूवर क्लँग घेतला, तरी ओपनएमपीची लायब्ररी वेगळी उतरवावी लागते. नाहीतर 'फाइल सापडली नाही' असा इंग्रजी संदेश येतो. जीसीसीमध्ये लायब्ररी सोबत येते, पण कंपाइल करताना एक खास पर्याय द्यावा लागतो. तो विसरला तर नुसती सूचना गुपचूप दुर्लक्षित होते. प्रोग्राम चालतो, उत्तरही बरोबर येतं, आणि मुलाला वाटतं आपण समांतर प्रोग्राम लिहिला!

पुण्यातल्या मुलाला विचारायला कोणीतरी भेटतं. परंडा, भूम किंवा लोहाऱ्यात घरी एकट्याने शिकणाऱ्या मुलीने कोणाला विचारायचं? नेट नसेल तर लायब्ररी कशी उतरवायची? म्हणून माझं ठाम मत आहे: ही सोय कंपायलरच्या मूळ पेटीतच असावी, आणि सूचना वगळली जात असेल तर कंपायलरने न विचारता तसं सांगावं.

काहीजण म्हणतील, मग सगळंच आपोआप समांतर करून टाका ना! ते मात्र नको. चार शिक्षकांनी एकाच वेळी एकाच वहीत बेरीज लिहायला घेतली, तर आकडे एकमेकांवर जातील. प्रोग्राममध्येही तसंच होतं आणि उत्तर चुकतं. काम कधी वाटायचं हे मुलानेच ठरवावं. सोय तयार असावी, सक्ती नसावी.

तोपर्यंत आपण काय करू शकतो?

1. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावर लायब्ररी आधीच टाकून ठेवा.
2. जीसीसी वापरताना 'वॉल' हा इशाऱ्यांचा पर्याय लावायची सवय लावा. सूचना वगळली गेली की तो सांगतो.
3. एकच प्रोग्राम एका कोअरवर आणि चार कोअरवर चालवून वेळ वहीत लिहायला सांगा. फरक दिसला की मुलं स्वतःच प्रश्न विचारतात.

पालकहो, मुलासाठी नवीन संगणक घेण्याआधी एकदा विचारा, "आहे त्याचे सगळे कोअर वापरता येतात का रे?" कदाचित नवा संगणक लागणारही नाही.

तुमच्या शाळेत काय अनुभव आहे? नक्की कळवा.